आधी बादशा, मग उखाभाऊ

२२ नोव्हेंबर १९३४, गुरुवार. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि धुळ्याच्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डातली जेवणाची ताटं मी परत गोळा करत होते. आठ नंबरच्या खाटेवरचं ताट जसं दिलं तसंच परत आलं. ज्वारीच्या दोन भाकरी, वरण, वांग्याची भाजी. भाकरीचा कोपरासुद्धा मोडलेला नव्हता. सोमवारी दुपारपासूनचं हे सातवं ताट.

या अंकासाठी लिहायला सांगताना संपादक म्हणाले, "बाई, नर्सच्या आयुष्यातले करुण प्रसंग लिहा." करुण प्रसंग आमच्याकडे रोज असतात, त्यांचं कौतुक आम्हाला नाही. आणि मला विचाराल तर बावीस वर्षांच्या नोकरीत जो आठवडा सगळ्यात मजेत गेला, तो या सात ताटांपासून सुरू झाला. त्यात एक बैल आहे. बैलाविषयी लिहिलेलं चालत असेल तर पुढे वाचा.

आठ नंबरच्या खाटेवर उखा होता. वय पस्तीसच्या आसपास, दंड मोटेच्या दोरासारखे पिळदार, आणि समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. साक्रीच्या वाटेवरच्या एका खेड्यात भावांच्या शेतावर राहायचा, बैलांचं सगळं बघायचा. बोलणं मोजकं. दहा-बारा शब्दांत त्याचा दिवस भागायचा. गावात त्याला कोणी खुळा म्हणायचं, कोणी भोळा म्हणायचं. आमच्या नोंदवहीत मी "मंदबुद्धी" असं लिहिलं होतं, आणि ते लिहून झाल्यावर आपलं काम झालं असं मला वाटलं होतं.

त्याला अंतर्गळ होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पोटाच्या खालच्या भागात भिंतीला कमजोर जागा पडते आणि तिथून आतडं जांघेत उतरतं. आडवं झालं की बहुधा आपोआप परत जातं. पण एखाद्या वेळी तिथेच अडकतं, आणि वेळेवर सुटलं नाही तर माणूस दोन दिवसांत जातो. उखाचं सोमवारी सकाळी असंच अडकलं होतं. बैलगाडीत घालून आणला तेव्हा ओरडत होता. डॉक्टरांनी हाताने हळूहळू दाबून ते आत ढकललं. "या वेळी सुटला," ते म्हणाले, "पुढच्या वेळी सुटेलच असं नाही. शस्त्रक्रिया करायला हवी. चार दिवस चांगलं खाऊ-पिऊ घाला, मग बघू."

आणि हा गडी पाण्याशिवाय कशाला तोंड लावेना.

आम्ही काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. गोड बोललो. रागावलो. वॉर्डातल्या नोकराने हात धरले आणि मी दुधाचा चमचा तोंडात घातला, ते दूध माझ्याच पदरावर आलं. गुरुवारी दुपारी फेरीला डॉक्टर आले. माणूस चांगला, हात सोन्यासारखा, पण धीर कमी. खाटेपाशी उभे राहून म्हणाले, "सिस्टर, उपाशी अशक्त माणसाला मी क्लोरोफॉर्म देणार नाही. शनिवारपर्यंत जेवला तर मंगळवारी करतो. नाही तर घरी पाठवा. ज्यांना बरं व्हायचंय असे पाच जण खाटेसाठी थांबलेत."

घरी पाठवा म्हणजे काय, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

इथे जळगावची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याआधी चार वर्षं मी जळगावला होते. तिथे पहूरची केसर नावाची एक बाई आली. तिशीची, उखासारखीच भोळी. मनगट मोडलं होतं, प्लास्टर घातलं. आई बरोबर आली होती, पण नियमाप्रमाणे तिला आम्ही धर्मशाळेत पाठवलं. केसर दिवसभर हसायची. "दुखतं का गं?" विचारलं की आणखी हसायची. असा आनंदी पेशंट आम्ही पाहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला आई आली, दारातूनच तिचं हसणं ऐकलं आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, ही एवढी हसते म्हणजे हिला फार दुखतंय!" प्लास्टर कापलं. आत हात सुजून काळानिळा झाला होता. हात वाचला, पण दोन बोटं कायमची ताठ राहिली. कापूस वेचणारी बाई ती. पुढे एकदा बाजारात भेटली तेव्हा मला पाहून हसली. ते कुठलं हसणं होतं, मला आजही माहीत नाही.

तेव्हाच मी ठरवलं होतं की अशा माणसाबद्दल काही अडलं तर आधी त्याच्या घरच्याला विचारायचं. ठरवलं होतं, आणि तरी उखाच्या बाबतीत चौथा दिवस उजाडला. शहाणपण वेळेवर आठवलं तर त्याचा उपयोग.

उखाची थोरली बहीण ठगूबाई सोमवारपासून आवारातल्या कडुलिंबाखाली बसून होती. पुरुषांच्या वॉर्डात बायकांना सोडायचं नाही आणि जेवणाच्या वेळी नातेवाईकांना तर मुळीच नाही, असा नियम. त्यामुळे भाऊ जेवत नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"ठगूबाई, उखा हट्टी आहे का हो?"

"नही वं बाई. गाईनं वासरू तो. काय जयं?"

"चार दिवस जेवला नाही."

ती ताडकन उठली. मग थांबली, आणि मलाच म्हणाली, "पन बैल कोठे शेतस आठे?"

"कसले बैल?"

"बैल जेवनात का मंग तो जेवस. न्हानपनपाईन. आमना बाप सांगी गया त्याले, आधी बैल, मंग आपुन. आठे बैलच नहीत, तं तो कसा जेवी?"

तिच्या अहिराणीतलं सगळंच मला कळलं असं नाही, पण एवढं कळलं. बैल जेवल्यावर जेवायचं, हे वडिलांनी शिकवलेलं, आणि वडील जाऊन वीस वर्षं झाली तरी त्याने एक दिवस मोडलेलं नाही. आम्ही सात ताटं समोर ठेवली. सातही वेळा तो बिचारा सभ्यपणे आपली पाळी यायची वाट बघत बसला होता.

मी सोपा रस्ता धरला. वॉर्डात गेले आणि त्याला सांगितलं, "उखाभाऊ, बैल जेवले. आता जेव."

त्याने तोंड वर केलं. "बैल जेवना?"

"जेवला."

त्याने माझा हात धरला, तळवा नाकाशी नेला आणि वास घेतला. मग हात सोडून भिंतीकडे तोंड केलं.

आमच्या धंद्यात अर्धं काम म्हणजे हात धुणं. नखं कापायची, ब्रशने घासायचं, मग कार्बोलिकच्या पाण्यात बुडवायचे. माझ्या हाताला लग्नाच्या जेवणावळीतसुद्धा कार्बोलिकचा वास येतो अशी माझी बहीण तक्रार करते, आणि मला त्याचा थोडा अभिमानही आहे. पण ज्या हाताने बैलाला चारलं त्या हाताला ढेपेचा, म्हणजे सरकीच्या पेंडीचा, वास येतो. माझ्या हाताला येत नव्हता. म्हणजे मी खोटं बोलत होते. त्याचा हिशेब सरळ होता.

दवाखान्यात एकच बैल होता. पाण्याच्या गाड्याचा. गाडा हाकायचे रहीमचाचा. साठीचे, पांढरी दाढी, आणि बैलाचं नाव बादशा. बादशा विहिरीवरून पाणी ओढायचा आणि स्वयंपाकघरामागच्या छपरात बांधलेला असायचा. मी उखाला आणि ठगूबाईला घेऊन तिकडे गेले. नियमाचं काय, ते नंतर बघू म्हटलं.

बैल दिसल्याबरोबर उखाचा चेहरा असा उजळला की बस्स. जवळ गेला, बादशाच्या पोटावर हात फिरवला, बरगडीमागच्या खळग्यात बोटं दाबली. त्या खळग्याला तिकडे भकाळी म्हणतात. ती खोल गेली असेल तर बैल उपाशी. मग त्याने एकदम बादशाचं तोंड उघडलं.

"ए! ए! चावेगा!" रहीमचाचा धावले.

उखाने जीभ बाजूला धरली आणि आतून बाभळीचा काटा काढून चाचांच्या हातावर ठेवला. चाचा बघतच राहिले. "आठ दिवस झाले बाईसाब, कडबा सोडून देतो. मी म्हटलं, मिजाज बिघडला असंल." आणि मग उखाकडे वळून, अगदी अदबीने, "सलाम, डाक्टरसाब."

त्या दिवसापासून चाचा त्याला डाक्टरसाबच म्हणायचे. आमच्या खऱ्या डॉक्टरांनी हे ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "यांची प्रॅक्टिस माझ्यापेक्षा बरी दिसते."

उखाने बादशाला ढेप चारली, कडबा टाकला, तो खाईपर्यंत उभा राहिला. मग छपराखालीच बसला आणि पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी पहिल्यांदा पातळ पेज दिली. दोन तासांनी दुसरी वाटी, संध्याकाळी बादशानंतर अर्धी भाकरी. ठगूबाई रडत होती आणि तो भाकरी कुस्करत होता. शनिवारी डॉक्टरांनी ताट पाहिलं. चाटून पुसून स्वच्छ.

आता पुढचा प्रश्न क्लोरोफॉर्मचा. तारेची एक वाटीसारखी जाळी असते, तिच्यावर फडकं ताणतात, ती नाका-तोंडावर ठेवून वरून थेंब थेंब औषध सोडतात. भलीभली माणसं ती जाळी जवळ आली की लाथा झाडतात. मी ती जाळी तीन दिवस खिशात घेऊन फिरले. रोज बैलाचं खाणं झालं की आधी माझ्या तोंडावर लावायची, मग ठगूबाईच्या, मग चाचांच्या दाढीवर. सोमवारी उखाने ती माझ्या हातून घेतली, उलटसुलट पाहिली आणि खदखदून हसला.

"मुसकं!"

मळणीच्या वेळी बैलाने कणसं खाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधतात, ते मुसकं. अगदी तसंच दिसतं. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याने ती बादशाच्या नाकाला लावून पाहिली, लहान पडली, मग स्वतःच्या तोंडावर ठेवली. "माले मुसकं!" आणि पुन्हा हसू.

पण मंगळवारी आणखी एक अडचण होती. क्लोरोफॉर्म द्यायचा तर पोट रिकामं हवं, नाहीतर बेशुद्धीत उलटी होऊन श्वासात जाते. म्हणजे सकाळी उखाने खायचं नाही. पण बादशा जेवला की उखा जेवायला मागणार, आणि ते न देणं म्हणजे चार दिवसांचा विश्वास बुडवणं. सरळ उपाय एकच. मंगळवारी बैलाचाही उपास. मी चाचांना सांगितलं.

चाचांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आपरेशन डाक्टरसाब का, और रोजा मेरे बैल का?"

"दुपारपर्यंतच, चाचा."

"डाक्टरसाब के वास्ते, ठीक. और किसी के वास्ते नहीं."

मी अगदी खूश होते. सगळं जमवलं होतं. फक्त एक गोष्ट विसरले. मंगळवारी सकाळी सात वाजता शस्त्रक्रियेच्या खोलीत गेले, हत्यारं उकळायला भांडं घेतलं आणि पाहिलं तर टाकीत पाणी तळाला. रोज सकाळी बादशा चार खेपा करतो तेव्हा ती भरते.

चाचा छपराच्या खांबाला टेकून बसले होते. शेजारी उखा. दोघांच्या मध्ये उपाशी बादशा.

"चाचा, पाणी!"

"बाईसाब, भुका बैल मी जुंपत नाही. पन्नास बरसात जुंपला नाही."

बरोबर होतं त्यांचं. मी ठगूबाईला बाजूला घेतलं. "विहिरीमागे नेऊन गुपचूप थोडं चारलं तर?"

"भकाळी देखीसन वळखी लेस तो," ती म्हणाली. पोट बघून त्याला समजणारच.

नऊला शस्त्रक्रिया. त्या दिवशी झाली नाही तर डॉक्टर दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर जाणार होते, पंधरा दिवसांसाठी. आणि सोमवारी संध्याकाळी उखाची अंतर्गळाची गाठ पुन्हा उतरली होती. आत गेली, पण पहिल्यासारखी सहज नाही. हे मी ठगूबाईला सांगितलं नव्हतं.

कडुलिंबाखाली पेशंटांचे नातेवाईक दात घासत बसले होते. सात-आठ पुरुष, सगळे शेतकरी. मी तिथे जाऊन जोरात म्हटलं, "पाण्याचा गाडा ओढायला माणसं हवीत. बैलाचा उपास आहे."

कुणी विचारलंच नाही की बैलाला कसला उपास. एक म्हातारे आबा उठले, धोतर खोचलं, म्हणाले, "बठ्ठा चाला रे!" बघता बघता दोघे जोखडाला, चौघे चाकांना, आणि मागून ढकलायला मी, टोपी सांभाळत. पहिली खेप निघाली आणि छपरातून उखाचा आवाज आला. मोटेवरचे बैल हाकताना घालतात तशी लांब हाळी. मग बोट दाखवून ओरडला:

"डावा ढिला शे!"

डावीकडे आबा होते. आवारात असा हशा पिकला की वॉर्डातले पेशंट खिडक्यांना आले. आबा मान हलवत म्हणाले, "खरं बोलस भाऊ, गुडघा दुखस मन्हा." तिसऱ्या खेपेला डॉक्टर सायकलवरून फाटकात शिरले. सायकलवरून उतरून बघत राहिले.

"सिस्टर, हे काय चाललंय?"

"पाणी भरतोय, साहेब. बैल उपाशी आहे."

"का?"

"पेशंट उपाशी आहे म्हणून."

त्यांनी गाड्याकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं. "मग ठीक आहे," म्हणाले. सायकल झाडाला लावली आणि शेवटच्या चढाला एका चाकाला स्वतः हात लावला.

उखा खोलीत चालत आला, बहिणीचा हात धरून. ठगूबाईला मी टेबलापर्यंत आणलं. हेही नियमात बसत नव्हतं. टेबलावर आडवा झाल्यावर त्याने माझ्याकडे हात पुढे केला. मी जाळी दिली, त्याने ती आपणच तोंडावर ठेवली. क्लोरोफॉर्म देणाऱ्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की एवढा शांत पेशंट त्यांना जन्मात मिळाला नव्हता.

पाऊण तास लागला. आतड्याचा एक भाग लालसर व्हायला लागला होता. डॉक्टरांनी टाके घातले आणि हातमोजे काढताना म्हणाले, "पंधरा दिवस टिकला नसता." मी बाहेर जाऊन चाचांना हाक मारली, "सोडा उपास!" बादशाने दुपारी दुप्पट खाल्लं.

संध्याकाळी डॉक्टर पुन्हा आले. उखा गुंगीत होता. "उद्या उजाडता तुमचा हा गडी बैलाला चारायला उठणार," ते म्हणाले. "उठला की टाके तुटणार. हातपाय खाटेला बांधून ठेवा."

त्या काळी बांधत असत. मीही बांधलेली आहेत माणसं. शहाण्यांना समजावत आणि भोळ्यांना बांधत, अशी आमची रीत होती, आणि तिची लाज मला या आठवड्याने दिली. मी म्हटलं, "साहेब, सकाळचं माझ्यावर सोडा. बांधायचं नाही."

"आणि उठला तर?"

"तर मला बांधा."

ते हसले, पण जाताना म्हणाले, "सिस्टर, जबाबदारी तुमची." ठगूबाईला मी खाटेशेजारी बसायला सांगितलं आणि एवढंच बजावलं की जागा झाला तर मी येईपर्यंत त्याला बोलण्यात गुंतवा.

त्यानंतर आजवर जो जो असा पेशंट आला, त्याच्या घरच्याला मी नाव-गावाआधी एकच प्रश्न विचारत आले: घरी याला आधी काय लागतं? एकीला पायाशी आपलीच लोटी लागायची. एका चाळीस वर्षांच्या आप्पांना सुई टोचण्याआधी टोचणाऱ्याने "रामराम आप्पा" म्हणायला हवं असायचं. एवढंच लागतं माणसांना. नवीन मुली शिकायला येतात त्यांना मी हे औषधांच्या मापाआधी शिकवते.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी. साडेपाचला मी छपरात गेले. चाचा नमाजाआधी वजू करत हातपाय धूत होते, त्यांनी भुवया उंचावल्या. भिजवलेली ढेप मी दोन्ही हातांनी फोडली आणि बादशाला चारली. त्याची खरखरीत जीभ मनगटापर्यंत फिरली. कोपरापासून बोटांपर्यंत ढेप, लाळ आणि कडब्याचा भुगा. मग नोकरीत पहिल्यांदा आणि शेवटचं, मी हात न धुता वॉर्डात गेले.

उखा जागा होता. एका कोपरावर उठायच्या बेतात, आणि ठगूबाई दोन्ही हातांनी त्याचा खांदा धरून काही तरी भराभरा बोलत होती. मला पाहून तो थांबला.

"बादशा जेवना?"

मी हात पुढे केले. त्याने उजव्या तळव्याचा वास घेतला. मग डाव्याचा. मग पुन्हा उजव्याचा, अगदी बोटांच्या बेचक्यातून.

"जेवना," तो म्हणाला, आणि उशीवर डोकं टेकून तोंड उघडलं.

ठगूबाईने पेजेचा पहिला चमचा त्याच्या तोंडात घातला. मी हात धुवायला गेले.